बिनवायरीचं टेबल

“सागाले घाई दाखवू नको, फय्याज. झाड व्हायले त्यानं साठ वर्सं घेतली हायेत.”

वडिलांचं हे बोलणं चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यांनीच जपून ठेवलेली फळी आज फय्याज मिस्त्रीच्या हाताखाली होती, आणि त्याला घाई होती. रविवारी मुलीचा, यूसराचा निकाह. उद्या सकाळी सामानाचा टेम्पो तिच्या सासरी, मानोऱ्याला निघणार. पलंग झाला, कपाट झालं. अडलं होतं जावयाच्या टेबलापाशी.

शादाबचा निरोपच तसा होता : टेबलावर नुसता फोन ठेवला की चार्ज झाला पाहिजे. वायर दिसली नाही पाहिजे.

म्हणून फळीच्या पोटात खाच कोरायची, आत चार्जरची चकती बसवायची, आणि वर लाकडाचा पापुद्रा तेवढा राखायचा. कालपासून हेच चाललं होतं.

“ठेव फोन,” फय्याज घाम पुसत म्हणाला. त्याचा स्वतःचा फोन बटनांचा. त्याला यातलं काही कळत नव्हतं.

यूसरानं आपला फोन फळीवर ठेवला, वाकून पाहिलं. “नाही, अब्बा.”

“मधोमध ठेव.”

“मधोमधच हाय.”

फय्याजनं चकती विकणाऱ्या दानिशला फोन लावला. “चाचा, काल चकती बदलून देल्ली ना? लाकूड जाड असन. अजून कोरा.”

“अजून कोरा म्हने! याच्या बापाचा साग हाय काय?”

टेबल उलटं झालं, पटाशी चालली. टेबल सुलटं झालं, फोन ठेवला. “नाही, अब्बा.” पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. “नाही, अब्बा.”

आतून त्याची बायको सुलतानबी ओरडली, “वायर लावाले हात दुखते काय त्या पोट्ट्याचे?”

“जावई हाय तो! पोट्टा नोको म्हनू.”

“मंग पलंगालेई बिनवायरीचा पंखा लावून द्या जावयाले!”

फय्याजनं दात आवळून टेबल पुन्हा उलटं केलं. पटाशीवर हातोडी जरा जोरातच बसली. टेबल सुलटं केलं तेव्हा फळीत तांदळाएवढं भोक होतं.

तो भुशातच मटकन बसला. बराच वेळ त्या भोकावर अंगठा फिरवत राहिला.

“माहे हातच गेले,” तो म्हणाला. “अब्बानं इतकी वर्सं जपलेली फळी, अन् म्या दोन दिवसांत भोकसली. तुह्या सासरी काय तोंड दाखवू? बंद करतो हे दुकान. झालं आता.”

यूसरा त्याच्याजवळ खाली बसली. त्याच्या हातातली पटाशी तिनं हळूच काढून घेतली.

“तुमच्या हातात काई खोट नाही, अब्बा. फोन काल पयल्याच खेपेले चार्ज झाला होता. मले त्या घरी जाचं नाही.”