हामूरबरोबर काय द्यायचं

खैरुद्दीनभाई दारात उभे राहिले तेव्हा जुम्म्याची नमाज होऊन तासही झाला नव्हता. ते एकटेच आले होते. वलीनं सदऱ्याची काढलेली बटणं पुन्हा लावली आणि चटई झटकली.

आठ दिवस तो याच घडीची वाट बघत होता, आणि ती येऊ नये असंही त्याला वाटत होतं.

वली दुबईत जुमेऱ्याला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बटलर होता. बर दुबई भागातल्या रत्नागिरीच्या माणसांत त्याला मान होता. त्याची मुलगी रशीदा आणि खैरुद्दीनभाईंचा मुनीर यांचं लग्न ईदनंतर ठरलं होतं. खैरुद्दीनभाईंनी सोळा वर्षं बोटीवर काढली होती. आता त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि जमातीत त्यांचा शब्द चालायचा.

मागच्या शुक्रवारी चहाच्या हॉटेलात वली नको ते बोलून बसला. साहेबाकडे फ्रान्सची पांढरी वाइन आली होती. तिची चव, तिचा वास त्यानं असा रंगवून सांगितला की हमदुल्ला शिंप्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "चाखल्याशिवाय एवढं कळतं, वलीभाई?" सगळे हसले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट खाडी ओलांडून पलीकडच्या देऱ्यात पोचली होती.

"बसा, भाई."

खैरुद्दीनभाई बसले. वीज गेली होती. वली पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालू लागला. मग ते लाचारासारखं दिसेल असं वाटून त्यानं पुठ्ठा खाली ठेवला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"हमदुल्लाच्या बोलण्यावर मी जात नाही," खैरुद्दीनभाई म्हणाले. "तुम्हालाच विचारतो. कसली वाइन?"

"फ्रान्सची. मार्से बंदराजवळ कासीस म्हणून गाव आहे, तिथली. पांढरी, कोरडी."

"कोरडी?"

"म्हणजे गोड नसते."

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. त्याच्या बायकोनं, हव्वाबीनं, त्याला आठवडाभर पढवलं होतं, "मला काही माहीत नाही म्हणून सांगा आणि खलास करा." त्यानं मान डोलावली होती. पण आता खोटं तोंडातून निघेना. सहा वर्षं मन लावून शिकलेलं काम होतं ते.

"वास कसा असतो?"

"आधी लिंबाच्या सालीसारखा. मग कच्च्या सफरचंदासारखा. आणि अगदी शेवटी, पाट्यावर पाणी मारल्यावर येतो ना, तसा."

"हं. जेवणात कशाबरोबर देता?"

"भाजलेल्या हामूर माशाबरोबर. वर लिंबू, थोडं तेल, बस्स. कालवं असली तर त्याहून चांगलं. साधी उकडलेली कोळंबीसुद्धा चालते. आपलं नारळाचं कालवण मात्र नाही. नारळापुढे ती नुसती पाण्यासारखी लागते."

"लागते?"

वलीनं पुठ्ठा पुन्हा उचलला.

"लागते असं मेमसाब म्हणते," तो म्हणाला.

बाहेरून खाडीतल्या अब्रावाल्या नावाड्यांची हाळी ऐकू येत होती. वलीला वाटलं, उठावं, खिडकी लावावी, काहीतरी करावं. तो बसून राहिला.

"गार किती करता?"

"बर्फात पाऊण तास. जास्त झालं की वास मरतो."

"हेही मेमसाब म्हणते?"

"नाही, भाई. हे माझं मला कळलं. ओतताना नाकाशी येतं. ग्लासं विसळताना येतं. टेबलाशी उभा राहून साहेबलोक काय बोलतात ते ऐकतो. नाक आणि कान, एवढ्यावरच माझी नोकरी चालते." तो थोडा पुढे सरकला. "माझ्यासाठी म्हणत नाही. पण पोरीचं नाव यात येऊ नये. मी कुराणावर हात ठेवून..."

"शपथ नको." खैरुद्दीनभाईंनी हात वर केला. "एकच सांगा. घोट घेतला की काय होतं?"

वलीनं डोळे मिटले. साहेबाच्या टेबलावरचं सहा वर्षांचं बोलणं त्यानं आठवून पाहिलं.

"आंबट लागते म्हणतात. लिंबासारखीच. त्यापुढचं मला सांगता यायचं नाही."

"बघा आठवून."

"खरंच नाही माहीत, भाई."

मग पहिल्यांदाच खैरुद्दीनभाईंचा चेहरा सैल झाला. ते भिंतीला टेकले आणि हसले.

"तुम्ही घेतलेली नाही."

वलीला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात?"

"हमदुल्लाला मी बघतो. इन्शाल्ला, ईदनंतरची तारीख तीच राहील. आता मुलीला हाक मारा, सरबत आणू दे."

वलीचे डोळे भरून आले. त्यानं खैरुद्दीनभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "भाई, सगळे मला हसले. तुम्ही विश्वास ठेवलात."

"विश्वासाचा प्रश्न नाही, वलीभाई. तुम्ही सांगितलंत ते सगळं नाकाला कळणारं. पण कासीसचा घोट घशाखाली उतरला की मागे कडू बदामाची चव राहते. चांगली पाच मिनिटं जात नाही. ज्यानं घेतली तो आधी तेच सांगेल."

पडद्यामागे हव्वाबीनं रशीदाच्या हातातून सरबताचं तबक काढून घेतलं.