लुगड्याची पट्टी

"कापड चालणार नाही, आजी," कंपनीचा यश म्हणाला, आणि सिंधूबाईंनी त्याच्यापुढे सरकवलेली पोह्यांची बशी परत आपल्याकडे ओढली.

"काय चालणार नाही?"

"हॉकी स्टिकवर कापड. मुठीच्या खाली कंपनीचं नाव असतं, कॅमेरा तिथंच येतो. ते दिसलं पाहिजे, एवढीच अट आहे."

तन्वीनं मान खाली घातली. टेबलावर कागद होते, शेजारी पेन. नातीनं सही केली की बूट, स्टिका, कॅम्पचा खर्च, सगळं कंपनीकडून. नाही केली, की पुन्हा मैत्रिणीचे बूट मागून खेळायचं. पण भोपाळच्या इंद्रपुरीतल्या या घरात सिंधूबाईंनी हो म्हटल्याशिवाय कुकरची शिट्टीसुद्धा होत नसे.

"ऐक रे," सिंधूबाई म्हणाल्या. "आमचे हे फॅक्टरीच्या टीमकडून खेळायचे. तेव्हा मुठीला घरच्या बाईच्या लुगड्याची पट्टी गुंडाळायचे सगळे. हाफ टाइमला स्टिकांचा ढीग पडायचा, पण ज्याची त्याला बरोबर सापडायची. जांभळी कांचनच्या घरची, ठिपक्यांची सुधाच्या. हिरवी आमची. आणि तेव्हाही आला होता एक तुझ्यासारखा. राघू छाप बिडीवाला शेठ. स्टिकवर आपला राघू रंगवून फुकट वाटत होता. बाकीचे मेले धावले. यांनी हात नाही लावला! सुतारखान्यात स्वतः तासून घेतली स्टिक. त्यांची नात कुणाचा राघू मिरवणार नाही."

"राघू नाही आजी, लोगो..."

"लोगो म्हण, नाही तर राघू म्हण."

तन्वीनं कपाळाला हात लावला. "आजी, अब ऐसा नहीं होता ना. सगळेच घेतात."

सगळेच घेतात! सिंधूबाईंच्या डोळ्यांपुढे ते जुनं मैदान आलं. लाल धूळ, कडेला निंबाची सावली, सावलीत सतरंजीवर बसलेल्या बायका. आता म्हणे मैदानाला पाणी मारतात, धूळ उडत नाही. धूळ उडाली नाही तर माणूस खेळला कसला? शनिवारी संध्याकाळी नारायणराव स्टिक मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे. त्या दातानं काठ तोडून हिरव्या लुगड्याची पट्टी फाडायच्या. ते दर वेळी म्हणायचे, "जरा रुंद फाड गं." जुनी सोडून नवी मात्र ते मैदानावर गेल्यावरच गुंडाळायचे. बाकीच्यांची पट्टी मुठीशी संपायची, यांची वीतभर खाली यायची. टीममधली माणसं ओरडायची, "नारायण, यार, बीवी का पल्लू छोड़!" नारायणराव नुसते हसायचे. आणि सतरंजीवर सिंधूबाईंची मान अशी काही ताठ व्हायची, की शेजारणी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"थांब," त्या उठल्या. "यांचीच पट्टी आणते. तीच हिच्या स्टिकला बसेल. मग बघते कोण काढतं ते."

आतल्या खोलीत देवघराशेजारी नारायणरावांची स्टिक उभी होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे. ते गेल्यापासून पट्टीची गाठ कुणी सोडली नव्हती. तन्वी मागोमाग आली.

"आजी, प्लीज. तो निघून जाईल."

"जाऊ दे. दारापर्यंत सोडायला मी जाते."

गाठ घट्ट बसली होती. सिंधूबाईंनी ती दातानं सोडवली. एकेक वेढा निघू लागला. तेलाचा, घामाचा, मातीचा वास आला, आणि त्यांचे हात आपोआप सावकाश झाले. मूठ मोकळी झाली. मग खालचे वेढे निघाले. शेवटचा वेढा गळून पडला आणि त्या थांबल्या.

लाकडावर राघू बसला होता.

बाकीची स्टिक काळी पडली होती. राघू मात्र काल रंगवल्यासारखा ताजा होता. हिरवे पंख, लाल चोच. कापडानं त्याला ऊन लागू दिलं नव्हतं, धूळ लागू दिली नव्हती.

"आजी, हे काय?" तन्वीनं हळूच विचारलं.

बिडीवाला शेठ आला त्या वर्षी घरात धाकट्या मुलाच्या बाळंतपणात सगळा पैसा संपला होता. नवी स्टिक येणार कुठून होती? आणि सुतारखाना! फॅक्टरीत सुतारखाना होता तरी का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलंही नव्हतं. खोटारडा मेला, त्या मनात म्हणाल्या. मग त्यांनी राघूच्या चोचीवरून अंगठा फिरवला. स्टिक बिडीवाल्याची, आणि साऱ्या भोपाळपुढे मिरवलं काय, तर बायकोचं लुगडं.

बाहेरून यशचा आवाज आला, "आजी, मग काय ठरलं?"

"पोहे घे तू!" त्या ओरडल्या. "येतेय ती सही करायला."

तन्वी बघतच राहिली. सिंधूबाईंनी ट्रंक उघडली, तळातून हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा काढला आणि त्याचा काठ दातात धरला.

"अगं पण आजी, कापड चालणार नाही म्हणालाय ना तो?"

सिंधूबाईंनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"नाव कुठवर येतं ते दाखव. जरा रुंद फाडते."