जावयाचे पाटे

घणाच्या तिसऱ्या घावाला पिकअपचा गंजका यू-बोल्ट तुटला आणि त्याने आवळून धरलेला स्प्रिंगचा मोडका पाटा खाली आदळला. शिवलिंगअण्णांनी नवे पाटे चढवून नवे बोल्ट आवळले, तशी एका अंगाला कललेली जावयाची गाडी सरळ झाली. फुटलेला ओठ पदराआड धरून लेक दुकानाबाहेर बसली होती.

ओझ्याखाली नवे पाटे दबतात, बोल्ट सैल पडतात. म्हणून अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "शंभर किलोमीटरवर परत या, पुन्हा आवळून देतो. नाहीतर गाडी उलटेल."

"झालं का, मामा? माल भरून घाट उतरायचाय."

"झालं, जावईबापू." एवढंच अण्णा म्हणाले.

तेवढ्यात लेक उठून जावयाशेजारी गाडीत बसली.

अण्णांनी घण बॉनेटवर घातला. जावई उतरून अंगावर धावला, तसा घणाचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. अण्णांनी लेकीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"ठेवा हिला इथंच," रक्त थुंकत जावई म्हणाला आणि गाडी सुसाट घेऊन गेला.

याच दुकानात वाढलेल्या लेकीने मग हळूच विचारलं, "अण्णा, त्यांना परत यायला सांगितलं ना?"

अण्णा वाकून मोडका पाटा उचलू लागले.