शेवटचं बटण

सर्व्हरला ‘गाव’ म्हणायचं ठरलं. बिनमालकाच्या नव्या सोशल मीडियासाठी आम्ही सकाळपासून कॉलेजच्या वर्गात सोपे मराठी शब्द शोधत होतो. इथे प्रत्येक गाव स्वतंत्र, तरी गावागावांत बोलणं चालू.

“एका गावाला दुसऱ्याशी सगळे संबंध तोडायचे असतील, तर त्या शेवटच्या बटणावर काय लिहायचं?” विचारता विचारताच सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘वाळीत टाका’. “कोणालाही कळेल!” मी तर टाळीच वाजवली.

शेजारी बसलेली प्रणाली म्हणाली, “आमचं घर नऊ वर्षं वाळीत होतं. आजोबांच्या तिरडीला चौथा खांदा मिळाला नाही.”

सरांनी घाईनं डस्टर उचललं.

तिनं उठून त्यांचा हात धरला. “पुसू नका, सर. बटण दाबणाऱ्याला कळू दे, आपण काय करतोय ते.”