गोपनीय निकाल

डॉक्टरांच्या हलगर्जीपणाने नवरा गेला, तेव्हा मंदाकिनी घोलपांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. चार वर्षांनी निकाल आला: डॉक्टर दोषी, परवाना सहा महिने निलंबित. वर 'गोपनीय' असा शिक्का. "कुठे बोलू नका, अब्रुनुकसानीचा दावा ठोकतील," वकिलांनी बजावलं.

दवाखान्यावर पाटी लागली, 'डॉक्टर अभ्यासदौऱ्यावर'. सहा महिन्यांनी पुन्हा रांगा लागल्या.

शेजारच्या कावेरीने गरोदर सुनेचं नाव तिथेच नोंदवण्याआधी विचारलं, "वहिनी, तुमच्या तक्रारीचं काय झालं हो?"

मंदाकिनीबाई चाचरल्या. "फाइल बंद झाली गं."

सून बाळंतपणात दगावली. तेराव्याला कावेरी गळ्यात पडून रडली, "वहिनी, तेव्हा तुमचं कुणी खरं मानलं असतं, तर माझी पोर वाचली असती!"

मंदाकिनीबाई तिची पाठ थोपटत राहिल्या.