करंगळीने उघडलेलं झाकण

“कुणाला खरं वाटणार नाही, पण ती औषधाची बाटली मी करंगळीने उघडली!” तोंडावर रुमाल धरून म्हातारे घड्याळजी फुशारले. लहान मुलांना उघडता येऊ नये, म्हाताऱ्यांना सहज यावं, असं झाकण शोधत औषध कंपनीतली संशोधक मुलगी वर्षभर खपत होती. बाटली तिनेच त्यांना आठवडाभर वापरायला दिली होती. त्यांनी ‘सोपं’ म्हटलं की उद्यापासून लाखभर झाकणं निघणार होती. “आजोबा, अडलं असेल तर सांगा. चूक झाकणाची, तुमची नाही.” पण जन्मभर घड्याळांत केसाएवढ्या कमानी बसवणारी बोटं आता थरथरतात हे तिला कसं सांगायचं? “दुसऱ्या हाताने तर मिशीला पीळ देत होतो!” त्यांनी आणखी ताणलं. मुलीने लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात त्यांच्या बायकोने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. “अहो पैलवान, मग झाकणात रुतलेली ही कवळी कुणाची?”