चार सेकंद

पडद्यावर लाल पट्टी आली. ‘डोळे बंद, चार सेकंद.’ रुपालीने खालचं नाव वाचलं आणि तिचा हात माऊसवरच थांबला. धनाजी बिरप्पा खरात. तिचे वडील, अण्णा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरी पुण्याला पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ती कामाला होती. वर्षभरापूर्वी मालकाने सगळ्या ट्रकांत ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरे बसवले. डोळा मिटला, मान वळली, हातात फोन आला, की कॅमेरा केबिनमध्ये पीं पीं करायचा आणि इकडे क्लिप पाठवायचा. ती बघून रुपालीने एक बटण दाबायचं. झोप, फोन, सिगारेट किंवा चुकीचा इशारा. तीनदा ‘झोप’ पडली की ड्रायव्हर गाडीवरून खाली. अण्णांच्या नावावर दोन होत्या. दोन्ही दुसऱ्या पाळीतल्या मुलीने दाबलेल्या.

तिने हेडफोन कानाला लावला.

दुपारचा सव्वा वाजलेला. टेंभुर्णीच्या अलीकडचा रस्ता. अण्णा नीट बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि ते बोलत होते. आधी तिला वाटलं फोनवर, पण फोन शेजारच्या सीटवर पडलेला दिसत होता.

“जेवलो गं,” अण्णा म्हणत होते. “समदा डबा संपवला. भाजीत मीठ लई हुतं, पन पोरीला बोललो न्हाई. शिकंल की हळूहळू. तू नगो काळजी करू.”

मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. डोळे गच्च मिटले. एक हात सुटला, गळ्यातल्या टॉवेलकडे गेला. कॅमेरा पीं पीं करायला लागला आणि अण्णांनी दचकून स्टिअरिंग धरलं.

रोज सव्वाला आई फोन करायची, जेवला का विचारायला. आईला जाऊन चार महिने झाले होते. तेराव्यापर्यंत अण्णांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. “दगड हाय तुजा बाप,” आत्या म्हणाली होती आणि रुपालीने ते खरं धरलं होतं. चार महिने ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

तिने ‘चुकीचा इशारा’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ट्रक आवारात लागला, तेव्हा मॅनेजर अवधूत साहेबांनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब तिशीतले, आवाज कधी न चढवणारे.

“आधीच्या दोन झोपा बरोबर, आणि तिसरी तेवढी चुकीची? तीही तू बघितलेली?”

“साहेब, ते झोपले नव्हते. तुम्ही क्लिप बघा.”

“दिवसाला चारशे क्लिपा येतात, रुपाली. डोळे बंद होते ना?”

“होते.”

“गाडी चालू होती ना? चार सेकंदांत भरलेला ट्रक कुठल्या कुठे जातो. पुढे शाळेची बस असती तर?”

“पण झोप नव्हती, साहेब. ते...”

तेवढ्यात दारात अण्णा आले. हातात ट्रकची चावी, गळ्यात तोच टॉवेल. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“या धनाजीमामा,” साहेब म्हणाले. “तुमची पोरगी म्हणते, तुम्ही झोपला नव्हता. तुम्हीच सांगा. दुसरं काही कारण असेल तर मी मालकांशी बोलून बघतो.”

रुपाली त्यांच्याकडे बघत राहिली. सांगा अण्णा, सांगून टाका. सव्वीस वर्षं गाडी चालवली होती त्यांनी. कधी कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

अण्णांनी टॉवेलचं टोक मुठीत धरलं.

“डोळा लागला, साहेब,” ते म्हणाले.

“अण्णा...”

“तू गप गं. डोळा लागला म्हंतो न्हवं.”

साहेबांनी मान हलवली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी बदललं. सोमवारपासून अण्णांनी गेटवर बसायचं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, असं ठरलं. अण्णांनी चावी टेबलावर ठेवली. ठेवताना आवाज होणार नाही अशी ठेवली.

बाहेर आवारात दुसरा ड्रायव्हर, निंगप्पा, त्यांच्या ट्रकची सीट स्वतःच्या उंचीला लावत होता. अण्णा क्षणभर तिथे थांबले. त्याला म्हणाले, “दुसरा गिअर जरा अडतो. दमानं टाक.” मग रुपालीबरोबर गेटापर्यंत चालत आले.

“त्या कॅमेऱ्यात तुला समदं दिसतं व्हय?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“ऐकू बी येतं?”

रुपालीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“न्हाई, अण्णा. नुसतं दिसतं.”

“मग बरं हाय,” अण्णा म्हणाले. “झोपेचं काय, कुणालाबी येती.”